धूळ बसू द्यावी, मग फिल्म बसते

शटर अर्ध्यावर ओढलेलं आहे. आत धुऊन-पुसून उभी केलेली गाडी. कारागिरानं फरशीवर पाण्याचा हबका मारला, पंखा बंद केला आणि स्टुलावर बसून राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं, चहा यायचा असेल. पण त्याच्या कामातली सगळ्यात नाजूक दहा मिनिटं हीच. हवेतली धूळ खाली बसायची तो वाट बघत असतो.

कोल्हापुरात गाडीच्या काचेला फिल्म मारणारा, बॉडीवर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) चढवणारा कारागीर बहुधा दुचाकीवरूनच सुरुवात करतो. पाठीवरच्या पिशवीत फिल्मचे रोल, ब्लेड, रबरी पट्टीचे दोन-तीन स्क्वीजी, स्प्रेची बाटली आणि हीट गन. फोन आला की निघायचं. कधी ताराबाई पार्कातल्या बंगल्याचा पोर्च, कधी राजारामपुरीतल्या गल्लीची सावलीची बाजू, कधी उद्यमनगरातल्या गॅरेजचं दार. अशी काही वर्षं काढली की तो गाळा बघू लागतो. लोक म्हणतात, धंदा वाढला, दुकान टाकलं. ते बरोबरच आहे. पण मला या स्थलांतराचं नवल वाटतं ते वेगळ्या कारणानं. चार भिंती, छप्पर आणि शटर घेतल्यावर त्याच्या हाती पहिल्यांदाच एक वस्तू येते, जी कुठल्याही बाजारात मिळत नाही. थांबलेली हवा.

मराठीतलं 'बसणे' हे क्रियापद पाहा. हात बसतो, धूळ बसते, फिल्म बसते, विश्वास बसतो आणि शेवटी बस्तान बसतं. या धंद्याची सगळी वाटचाल याच क्रमानं होते.

केसाहून पातळ

आधी ती फिल्म काय चीज आहे ते पाहू. काचेवर लावायची साधी सन कंट्रोल फिल्म साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा, म्हणजे फिल्म केसाहूनही पातळ. तेवढ्यात पॉलिएस्टरचे एक-दोन थर, रंगाचा किंवा धातूचा थर, गोंदाचा थर आणि वरून ओरखडे सोसणारा कडक लेप, एवढं सगळं मावतं.

हे पॉलिएस्टर म्हणजे आपल्या रोजच्या ओळखीचं 'पेट'. पाण्याची बाटली याचीच. आपल्या वडीलधाऱ्यांनी इस्त्री मोडू नये म्हणून हौसेनं घेतलेल्या टेरिलीनच्या शर्टाचा धागाही याचाच. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या दोघांनी हा पदार्थ घडवला. त्यातून धागा निघाला, बाटली निघाली आणि पातळ लाटली तर पारदर्शक फिल्म निघाली. १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेनं 'इको-१' नावाचा उपग्रह सोडला. तो उपग्रह म्हणजे याच पॉलिएस्टरचा, अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला, सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा होता, आणि त्याची जाडी जेमतेम १३ मायक्रॉन! जमिनीवरून सोडलेले रेडिओ संदेश त्याच्या चकाकत्या पाठीवरून परावर्तित होऊन पुन्हा जमिनीवर येत. काचेवरची चमकदार फिल्म ही त्या फुग्याची धाकटी बहीण आहे.

या फिल्मचं मराठी मुलखाशी नातं जवळचं आहे. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे भालचंद्र तथा आबासाहेब गरवारे यांनी मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीपासून सुरुवात केली आणि पुढं प्लास्टिकच्या उद्योगात पाय रोवले. त्यांनी उभ्या केलेल्या उद्योगसमूहातली गरवारे हाय-टेक फिल्म्स आज छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाण्यात सन कंट्रोल फिल्म आणि पीपीएफ बनवते. मोटारी विकण्यापासून निघालेली वाट फिरून मोटारीच्याच काचेवर येऊन पोचली.

आता ही फिल्म करते काय? उन्हातून येणारी जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. ती अवरक्त किरणांतून येते. दिसणारा प्रकाश बाकीच्यातला बहुतेक भाग उचलतो आणि अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाचेक टक्क्यांचा. पण सीटचं कापड विटवणारे आणि डॅशबोर्डला तडे पाडणारे मुख्यतः तेच. चांगली फिल्म या तिघांना वेगवेगळं वागवते. अतिनील किरण जवळजवळ सगळे शोषून घेते, दिसणारा प्रकाश हवा तेवढा सोडते आणि अवरक्त किरण जमतील तितके अडवते. साधी रंगीत फिल्म प्रकाश शोषते, त्यामुळं स्वतःच तापते. धातूच्या थराची फिल्म उष्णता परतवते, पण तोच थर रेडिओ लहरीही अडवतो. समोरच्या काचेवर फास्टॅगच्या जागी अशी फिल्म आली, तर किणीच्या टोल नाक्यावर टॅग वाचलाच जात नाही, कारण फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतो. म्हणून सिरॅमिकच्या अतिसूक्ष्म कणांची फिल्म आली. ती अवरक्त किरण अडवते आणि रेडिओ लहरींना वाट देते. केसाहून पातळ चाळणी आणि तीही किरण निवडणारी!

हात बसतो

फिल्म सपाट असते. गाडीची मागची काच सपाट नसते. ती आडवीही वळलेली असते आणि उभीही. नारळाच्या करवंटीवर कागद चिकटवून पाहा. कितीही जपून दाबला तरी कडेला चुण्या पडतातच. गणितज्ञ गाऊस यानं १८२७ मध्ये याचं कारण सिद्ध केलं. दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागावर सपाट पत्रा ताणल्याशिवाय किंवा आक्रसल्याशिवाय नीट बसूच शकत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, कारागिराच्या कौशल्याचा दोष नाही.

मग मागच्या काचेवर एकसंध फिल्म बसते कशी? कारखान्यात पॉलिएस्टरची फिल्म तयार होताना ती गरम अवस्थेत लांबीत आणि रुंदीत तीन-चार पट ताणलेली असते आणि त्या ताणातच थंड केलेली असते. तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या ओढलेल्या अवस्थेत थिजलेल्या असतात. तिला पुन्हा ऊब मिळाली की त्या साखळ्या मूळच्या गुंतवळ्याकडं परतू बघतात आणि फिल्म आक्रसते. कारागीर काय करतो, तर काचेच्या बाहेरच्या अंगावर फिल्म पसरतो, सगळ्या चुण्या एका दिशेला गोळा करतो आणि हीट गनचा झोत फिरवत एकेक चुणी जिरवतो. ऊब कमी पडली तर चुणी राहते, जास्त झाली तर फिल्म जळते किंवा काचच तडकते. मध्ये जी दोन-तीन सेकंदांची खिडकी आहे, ती सापडणं म्हणजेच हात बसणं. काचेचा आकार फिल्मनं घेतला की ती आतल्या बाजूनं लावायची. गाऊसनं घातलेली अट पॉलिएस्टरच्या स्मरणशक्तीनं पुरी केली आणि कारागिराला हे दोघेही नावानं ठाऊक नसले तरी हातानं ठाऊक आहेत.

लावताना मध्यस्थ पाणी असतं. त्यात बेबी शाम्पूचे चार थेंब. त्यामुळं फिल्म काचेवर लगेच न चिकटता तरंगते, सरकते आणि नेमक्या जागी आणता येते. मग स्क्वीजीनं मधून कडेकडं पाणी ढकलायचं. पाणी निघेल तसा गोंद काचेला भिडतो. हा गोंद दाबानं पकडणारा आहे. पाणी त्याला थोपवून धरतं आणि दाब त्याला मोकळा करतो.

हा सगळा हात उघड्यावरच बसतो, हे विसरून चालणार नाही. दुचाकीवरून हिंडणारा मुलगा दर दिवशी नवी काच, नवी सावली, नवा वारा पाहतो. दुकानात बसून सुरुवात करणाऱ्याला हे शिक्षण मिळत नाही.

उघड्यावरचे चार शत्रू

पण हात बसल्यावरही काम फसतं, तेव्हा हाताला दोष देऊन उपयोग नसतो. उघड्यावर चार जण त्याच्या विरोधात काम करत असतात.

पहिला, ऊन. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची काच हात ठेववणार नाही इतकी तापते. तिच्यावर मारलेलं साबणाचं पाणी स्क्वीजी फिरण्याआधीच उडून जातं आणि गोंद नको तिथं पकडतो. फिल्म बसवायला काच साधारण १५ ते ३० अंशांत असावी लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढणारा नाही. तरी काच हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते.

दुसरं, पाणी. प्रत्येक घरच्या नळाला वेगळं पाणी. पंचगंगेचं असेल तर ठीक, बोअरचं जड पाणी असेल तर ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि फिल्मखाली राहिलेला ठिपका कायमचा.

तिसरी, वीज, तारेतली नाही, स्थिर वीज. फिल्मच्या गोंदावर एक पातळ संरक्षक कागदासारखा थर असतो. तो सोलला की दोन्ही पृष्ठभागांवर हजारो व्होल्टचा विद्युतभार जमतो. आपण लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते, तोच प्रकार. भारित फिल्म मग चुंबकानं लोखंडाचा कीस ओढावा तशी हवेतली धूळ ओढून घेते. म्हणून कारागीर सोलता सोलताच पाण्याचा फवारा मारत राहतो. थंडीतल्या कोरड्या हवेत हा त्रास सगळ्यात जास्त.

आणि चौथी, सगळ्यांची थोरली, धूळ. कोल्हापूरची धूळ एका जातीची नाही. रस्त्याची माती आहे, उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रींची बारीक वाळू आहे आणि गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून उडणारी चिपाडाची हलकी, काळी राख आहे. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा. असा एक कण फिल्मखाली अडकला की तो एकटा दिसत नाही. फिल्मला टोकदार वळता येत नाही, म्हणून तिचा कणाभोवती एक छोटासा तंबू उभा राहतो. कण असतो टाचणीच्या टोकाहून लहान, दिसतो मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा बुडबुडा. मग गिऱ्हाईक बोट ठेवून म्हणतं, 'हे काय राहिलंय इथं?' आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

धूळ बसते

आता त्या दहा मिनिटांकडं येऊ.

हवेत तरंगणारा कण किती वेगानं खाली येतो? १८५१ मध्ये जॉर्ज स्टोक्स यानं याचं सूत्र मांडलं. कणाचा व्यास दुप्पट झाला तर पडण्याचा वेग चौपट होतो. मातीचा १० मायक्रॉनचा कण थांबलेल्या हवेत सेकंदाला सात-साडेसात मिलिमीटर खाली येतो. तीन मीटर उंचीच्या गाळ्यात छतापासून फरशीपर्यंत यायला त्याला साधारण सात मिनिटं लागतात. २० मायक्रॉनचा कण दोन मिनिटांच्या आतच खाली. आणि अडीच मायक्रॉनचा? त्याला पावणेदोन तास लागतात. पण तो इतका बारीक की फिल्मखाली गेला तरी डोळ्याला सहसा सापडत नाही.

या हिशेबानं मी अक्षरशः थक्क झालो. जी धूळ काम बिघडवते, तीच सगळ्यात आधी खाली बसते. जी हवेत रेंगाळते, ती बहुतेक निरुपद्रवी. दहा मिनिटं हवा थांबवता आली तर निसर्ग आपण होऊन खोली स्वच्छ करून देतो. खऱ्या खोलीत हवा अगदीच निश्चल नसते. गरम इंजिनवरून, माणसाच्या अंगावरूनही हवा वर चढते, म्हणून वेळ थोडा जास्त धरावा लागतो. पण तत्त्व तेच.

आता हाच हिशेब पोर्चमध्ये करा. अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूक सेकंदाला दोन मीटरची असते. म्हणजे १० मायक्रॉनचा कण जेवढ्या वेगानं खाली येतो, त्याच्या अडीचशेपट वेगानं तो आडवा नेला जातो. तिथं तासभर थांबा, दिवसभर थांबा, धूळ बसणारच नाही. एक गेली की दुसरी येईल. उघड्यावर थांबण्याला अर्थ नाही, गाळ्यात थांबणं हेच काम आहे. एका शटरनं केवढा फरक पडतो!

खाली बसलेली धूळ पुन्हा उठू नये म्हणून फरशी ओली. यात नवं काही नाही. पहाटे अंगणात सडा घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होतं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत हौदातल्या मातीवर पाणी शिंपडलं जातं, तेही त्या मातीला ओल धरून ठेवण्यासाठीच. पाण्याचा पातळ पापुद्रा दोन कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि बांधलेला कण उडत नाही.

राहिला प्रश्न, धूळ बसली हे कळायचं कसं? जुन्या घरात कौल सरकलं की कवडसा पडायचा. त्या कवडशात धुळीचे कण नाचताना दिसायचे, एरवी तीच हवा निर्मळ वाटायची. आपल्या प्राचीन ग्रंथांत जाळीतून आलेल्या उन्हात दिसणाऱ्या या कणाला 'त्रसरेणू' असं नाव आहे आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत सगळ्यात लहान माप म्हणून तो धरलेला आहे. कवडशाचं रहस्य एवढंच, की उजेड एका बाजूनं, तिरका येतो आणि मागं काळोख असतो. फिल्मच्या दुकानात भिंतींवर आणि छताला एलईडीच्या लांब पट्ट्या लावतात, त्या शोभेसाठी नसतात. त्या पट्टीचं प्रतिबिंब काळ्या बॉनेटवर सरळ रेषेसारखं उमटतं. जिथं फिल्मखाली कण किंवा पाणी राहिलं असेल, तिथं ती रेषा वाकडी होते. उघड्यावर आभाळाचा उजेड सगळीकडून येतो आणि दोष झाकून टाकतो. दुकानात कारागिरानं स्वतःसाठी कवडसा बांधून घेतलेला असतो.

या गावानं हे आधी पाहिलं आहे

कोल्हापुरात 'फिल्म' म्हटलं की पहिल्यांदा सिनेमा आठवतो, आणि ते साहजिक आहे. दोन्ही फिल्म म्हणजे पारदर्शक पट्ट्याच. दोन्हींचं काम उजेडाशी. दोन्हींचं वैर धुळीशी. जत्रेत तंबू ठोकून दाखवल्या जाणाऱ्या सिनेमात पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा, तो फिरतीवर रिळाला बसलेल्या धुळीचा आणि ओरखड्यांचाच.

बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली, कॅमेराही इथंच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या काळी चित्रण उन्हाच्या भरवशावर चालायचं. ढग आला की थांबा, सूर्य कलला की आवरा. १९२३ च्या 'सिंहगड' या चित्रपटात त्यांनी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरला आणि भारतीय सिनेमात असा वापर करणाऱ्या पहिल्या चित्रपटांत त्याचं नाव घेतलं जातं. उजेड कुठून यावा, किती यावा, केव्हा यावा हे सूर्यानं न ठरवता आपण ठरवायचं, ही उडी या गावात शंभर वर्षांपूर्वी मारली गेली. आज गाळ्यात एलईडीची पट्टी बसवणारा कारागीर त्याच वाटेनं चाललेला आहे.

वेळ मुक्कामाला येतो

स्थिर हवेच्या जोडीला गाळा आणखी एक गोष्ट देतो, ती म्हणजे रात्र. काचेची फिल्म दोन-तीन तासांत होते, ती पोर्चमध्ये जमून जाते. पीपीएफचं तसं नाही. ही पॉलिएस्टरची नव्हे, तर रबरासारख्या लवचीक पॉलियुरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाड. तिच्या पूर्वजांचा जन्म युद्धात झाला. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि खडे लागून ती झिजू नयेत म्हणून पॉलियुरेथेनची पट्टी वापरली गेली, तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग आपल्या दारातल्या गाड्यांवर आली. आजच्या चांगल्या पीपीएफवर बारीक चरा पडला तर गरम पाणी ओतलं किंवा उन्हात ठेवलं की तो भरून निघतो. लेपातल्या साखळ्या ऊब मिळताच पुन्हा आपल्या जागी येतात.

गाडीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा. म्हणजे पीपीएफ ही रंगापेक्षाही जाड ढाल आहे. अख्ख्या गाडीला ती चढवायला दोन ते पाच दिवस लागतात. बंपर, आरसे, हँडल, एकेक तुकडा. मध्येच गाडी बाहेर काढायची नाही. पाच दिवस कुणाच्या पोर्चमध्ये तळ ठोकता येत नाही. त्यामुळं पीपीएफचं काम वाढलं की गाळा घेणं भाग पडतं.

गाळ्यात मग प्लॉटरही येतो. संगणकातून गाडीच्या मॉडेलचा साचा निवडायचा आणि यंत्र फिल्म नेमक्या आकारात कापून देतं. पूर्वी फिल्म गाडीवर पसरून ब्लेडनं तिथल्या तिथं कापली जायची. ब्लेडचा दाब जरा चुकला की रंगावर कायमची रेघ. प्लॉटरला सपाट टेबल आणि भरवशाची वीज लागते. दुचाकीच्या डिकीत तो मावत नाही.

विश्वास बसतो

या धंद्याला कायद्याचीही एक कडा आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो, की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की काचेवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म चिकटवता येणार नाही. त्या उन्हाळ्यात देशभर रस्त्यांवर फिल्मी सोलल्या गेल्या आणि कारागिरांच्या हातचं मुख्य काम गेलं.

पुढं भारतीय मानक ब्युरोच्या २०१९ च्या मानकात आतल्या बाजूनं प्लास्टिकचा थर असलेल्या काचेला 'सेफ्टी ग्लेझिंग' म्हणून जागा मिळाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्येही हा शब्द आला. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं, की मानकात बसणारी आणि उजेडाची टक्केवारी पाळणारी फिल्म चालेल. तो निकाल केरळचा आहे. म्हणून आपल्याकडं काम करणाऱ्यानं काच काळी करून देण्याच्या मोहात न पडता टक्केवारी मोजून, कागद हातात देऊन काम करावं, हेच शहाणपणाचं.

या मोजण्यात एक गंमत दडलेली आहे. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. बाजूची काच मुळात ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येतो ७५ गुणिले ७० भागिले १००, म्हणजे साडेबावन्न टक्के. नियमाची हद्द ५०. 'अगदी फिकट' वाटणारी फिल्मही हद्दीच्या कडेला नेऊन ठेवते. समोरच्या काचेला तर जवळजवळ पारदर्शकच फिल्म लागते. उजेड मोजायचं छोटं यंत्र दुकानात टेबलावर असावं, आणि गिऱ्हाइकासमोर लावण्याआधी आणि नंतर मोजून दाखवावं. भटकंतीवर काम करणारा माणूस कितीही सचोटीचा असला तरी काम झालं की तो निघून जातो. दुकान कुठं जात नाही. बुडबुडा आला तर दारात येता येतं. विश्वास बसायला पत्ता लागतो.

बस्तान बसतं

मग गाळा कुठं घ्यावा? कागदपत्रांचं फार सांगत नाही. भाडेकरार, डिपॉझिट, शॉप अॅक्टची नोंद, महावितरणचं व्यापारी मीटर, उद्यम नोंदणी ही वाट सगळ्या दुकानदारांची सारखीच. या धंद्याचं वेगळेपण जागेत आहे.

बहुतेक दुकानांना रस्त्याच्या तोंडावरचा गाळा हवा असतो. फिल्मवाल्याला तोच नडतो. दर एसटीमागं धुळीचा लोट आत येतो. त्याला थोडी आतली, डांबरी किंवा काँक्रीटच्या गल्लीतली जागा बरी. शेजारी वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा पेंटबूथ नको, कारण त्यांची धूळ गाडीच्या रंगात रुतून बसते. गाडीच्या चारही दारांना पूर्ण उघडता येईल एवढी रुंदी हवी. पाणी उतरेल असा फरशीला उतार हवा.

आणि कोल्हापुरात आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, जो इतर बऱ्याच गावांत कुणाला सुचणार नाही: इथं पाणी कुठवर आलं होतं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी ५५ फुटांच्याही वर गेली. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत दुकानांची शटरं पाण्याखाली होती. फिल्मचा रोल महाग असतो, प्लॉटर त्याहून महाग, आणि आत उभी असलेली गाडी तर दुसऱ्याची ठेव. गाळा घेण्याआधी शेजारच्या चहावाल्याला भिंतीवरची पुराची खूण विचारावी.

दुचाकी मात्र विकू नये. घरांच्या, दवाखान्यांच्या, ऑफिसांच्या काचा दुकानात येत नाहीत. तिथं अजूनही पिशवी खांद्याला लावूनच जावं लागतं. शिवाय नवा मुलगा हाताखाली आला, तर त्याचा हात बसायला बाहेरचं वारं लागतंच.

फिल्म लावून झाल्यावर काचेवर थोडी धूसर छटा दिसते आणि गिऱ्हाईक बिचकतं. तो दोष नसतो. स्क्वीजीनं न निघालेलं अगदी थोडं पाणी आत असतं आणि ते हळूहळू फिल्मच्याच आरपार निघून जातं. जी फिल्म बाटली बनून पाणी धरून ठेवते, तिच्यातूनही पाण्याचे रेणू एक-एक करून वाट काढतात. म्हणून कारागीर काचेच्या बटणावर चिकटपट्टी लावून सांगतो, 'साहेब, चार दिवस काच खाली घेऊ नका.'

या सगळ्यात मला शेवटी पावसाचं जास्त नवल वाटतं. दुचाकीवर होता तोवर जून ते सप्टेंबर हे त्याचे उपासमारीचे महिने. पाऊस लागला की फोन आला तरी जाता येत नसे. गाळ्यातल्या पहिल्या पावसाळ्यात त्याला एक उलट गोष्ट उमगते. रस्त्याची धूळ पावसानं बसवलेली असते. गुऱ्हाळं थंड असतात, चिपाडाची राख नसते. हवा दमट असते, म्हणून फिल्म सोलताना स्थिर वीज फारशी साठत नाही. काच गार असते. वाळायला फिल्मला दोन दिवस जास्त लागतात, एवढंच. ज्या पावसानं त्याचं काम वर्षानुवर्षं बंद पाडलं, तोच आता बाहेर उभा राहून त्याची हवा धुऊन देतो.

तो शटर अर्ध्यावर ओढतो, फरशीवर पाणी शिंपडतो, पंखा बंद करतो आणि स्टुलावर बसतो. बाहेर पन्हाळ्याकडून आलेली सर धो-धो कोसळत असते. आत हवा थांबलेली असते, आणि तिच्यातला एकेक कण सेकंदाला सात मिलिमीटरच्या चालीनं खाली येत असतो.